ऐकू आलेला फरक नेमका कुठून आला? केबल, हाय-रेझ, तंबोरा आणि ऐकण्याची खोली

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर आणि एक चांगला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आहे, ऐकण्याची खोली दहा बाय बारा फुटांची आहे आणि ऐकणे मुख्यतः ख्याल व तबलावादनाचे आहे. दुकानदाराने चाळीस हजार रुपयांची स्पीकर केबल लावून दाखवली, तेव्हा आपल्याला आवाज अधिक मोकळा आणि तंबोरा अधिक भरीव वाटला. मित्राचे म्हणणे मात्र असे की हे सगळे थोतांड आहे, सगळ्या केबली सारख्या आणि सगळे अ‍ॅम्प्लिफायरही सारखेच. यांत खरे कोणाचे, आणि हाय-रेझ (सीडीपेक्षा अधिक नमुने आणि बिट असलेल्या) फाइलींसाठी जादा पैसे मोजावेत का, असे आपण विचारले आहे.

ध्वनिमुद्रण करणे आणि लोकांच्या ऐकण्याच्या खोल्या लावून देणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे हा वाद मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ ऐकला आहे. आपल्याला फरक जाणवला हे मी पूर्णपणे खरे मानते. तो भास होता असे म्हणून सोडून देणे आपल्यावर अन्याय करणारे तर आहेच, शिवाय त्यातून काही शिकायलाही मिळत नाही. तपासायचे आहे ते त्या फरकाचे कारण. दुकानातल्या त्या अर्ध्या तासात केबल बदलली, पण तिच्याबरोबर आवाजाची पातळी, आपल्या डोक्याची जागा आणि आपली अपेक्षा या तीन गोष्टीही बदललेल्या असण्याची दाट शक्यता आहे, आणि या तिन्हींचा कानावर होणारा परिणाम केबलच्या परिणामापेक्षा कितीतरी मोठा असतो.

पातळीपासून सुरुवात करू. बेल लॅबोरेटरीजमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कानाची संवेदनशीलता सर्व स्वरांना सारखी नसते आणि ती आवाजाच्या पातळीप्रमाणे बदलते. हळू आवाजात खालचे स्वर कानाला फार कमी पोहोचतात. पातळी वाढवली की ते मधल्या स्वरांपेक्षा अधिक वेगाने पुढे येतात. त्यामुळे अर्ध्या-पाऊण डेसिबलची वाढ झाली तर ऐकणारा सहसा ‘आवाज मोठा झाला’ असे म्हणत नाही, तो ‘भरीव झाला’, ‘मोकळा झाला’, ‘बारकावे दिसू लागले’ असे म्हणतो. आपण वापरलेले शब्द नेमके हेच आहेत. केबल बदलताना अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा लागतो, अनेकदा व्हॉल्यूम शून्यावर आणला जातो आणि मग हाताने अंदाजाने पूर्वीच्या जागी नेला जातो. एवढ्यात अर्धा डेसिबल सहज इकडेतिकडे होतो. दुकानदाराने हे मुद्दाम केले असे मी सुचवत नाही. पण पातळी मोजून एकमेकींशी जुळवलेली नसेल, तर त्या तुलनेवरून केबलविषयी काहीही ठरवता येत नाही. त्यात आवाजाच्या पोताची बारीक आठवण कानात काही सेकंदच टिकते, आणि केबल बदलायला दोन-तीन मिनिटे लागतात.

डोळ्यांचा भाग तर याहूनही मोठा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीतील ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा स्पीकर समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. दिसत असताना मोठ्या, भारदस्त स्पीकरांचे गुण वाढले, आणि पडद्याआड चांगले गुण मिळवणारी लहानशी, स्वस्त स्पीकरजोडी खाली घसरली. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते याच प्रयोगातले दुसरे निरीक्षण. स्पीकर दिसत असताना, ते खोलीत वेगळ्या जागी ठेवल्यामुळे आवाजात जो खरा, मोजता येणारा बदल होत होता, तोही या लोकांना नीटसा जाणवेनासा झाला. म्हणजे डोळ्यांनी नसलेला फरक दाखवला आणि असलेला झाकला. यात नवखे आणि अनुभवी दोघेही होते. अनुभवाने कान तयार होतो हे खरे आहे, परंतु समोरच्या वस्तूची किंमत आणि नाव विसरण्याची ताकद त्या अनुभवातून येत नाही. मी स्वतः महत्त्वाचा निर्णय घेताना काय वाजते आहे हे मला न कळेल अशी व्यवस्था करते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आता प्रत्यक्ष केबल. स्पीकरच्या केबलचा आवाजावर परिणाम होतो तो मुख्यतः तिच्या रोधामुळे, आणि तांब्याचा रोध कोणालाही कागदावर काढता येतो. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर तीन मीटर अंतरासाठी घेतली, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबे होते आणि त्याचा रोध साधारण ०.०४ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे होणारी घट सुमारे ०.०४ डेसिबल आहे, आणि एवढा फरक कोणत्याही माणसाच्या कानाच्या पलीकडचा आहे. जाहिरातींत ज्याचा फार गाजावाजा होतो तो स्किन इफेक्ट (उंच स्वरांचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकणे) अस्तित्वात आहे, पण याच वायरमध्ये २० किलोहर्ट्झला तो या हिशेबात डेसिबलच्या शंभराव्या भागाएवढीच भर घालतो.

याचा अर्थ मित्राचे म्हणणे बरोबर आहे असा मात्र नाही. समजा स्पीकर हॉलच्या दुसऱ्या टोकाला आहेत आणि घरात पडलेली अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर दहा मीटर ओढली आहे. तिचा जाऊन-येऊन रोध ०.६७ ओहमच्या आसपास जातो. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेले असले तरी त्याचा इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा रोध) स्वरागणिक बदलतो. तो जिथे चार ओहमपर्यंत उतरतो तिथे सुमारे १.३ डेसिबलची घट होते आणि जिथे वीसपर्यंत चढतो तिथे ०.३ डेसिबलची. स्पीकरच्या स्वरांचा तोलच असा एका डेसिबलने बदलला तर तो ऐकू येतो. तेव्हा केबलने फरक पडू शकतो, पण तो पडतो वायर बारीक आणि लांब असताना, आणि त्यावरचा इलाज विजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मीटरवर विकत मिळतो. ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीतही हेच लागू पडते. त्यांतल्या बऱ्याचशांचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या टोकाचा स्वतःचा रोध) एक ते तीन ओहम असतो, त्यामुळे ते स्पीकरचा तोल खरोखरच बदलतात, आणि ज्यांना त्यांचा आवाज वेगळा लागतो त्यांना तो खरोखरच वेगळा ऐकू येत असतो. चांगले बांधलेले, क्षमतेच्या आत चालणारे आणि नगण्य आउटपुट इम्पिडन्स असलेले दोन सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरचे) अ‍ॅम्प्लिफायर पातळी जुळवून ऐकले, तर वेगळे ओळखणे फार अवघड जाते. मित्राचे विधान एवढ्या अटींसह केले तर मला मान्य आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण आपल्याकडच्या घरांत ती वारंवार आढळते. अ‍ॅम्प्लिफायर एका बोर्डवर आणि लॅपटॉप किंवा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या बोर्डवर जोडला की त्यांच्या अर्थिंगमधून फेरा तयार होतो आणि स्पीकरमधून ५० व १०० हर्ट्झची घरघर येते. केबलमुळे आवाज बिघडतो असे लोक सांगतात तेव्हा पुष्कळदा खरे कारण हे असते. सगळी उपकरणे एकाच बोर्डवर आणावीत आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. घरघर थांबते म्हणून प्लगची अर्थ-पिन कापून टाकणे जिवावर बेतू शकते. ते कधीही करू नये. ‘पॉवर केबल’ म्हणून हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या दीड मीटरच्या वायरने यातले काहीच सुटत नाही. शंभर तास वाजवून केबल ‘मुरते’ या समजुतीलाही आधार नाही. स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याची (कोनची) लवचीकता पहिल्या काही तासांत किंचित बदलते, पण पुढच्या आठवड्यांत जे मुरते तो आपला कान असतो.

हाय-रेझविषयी. सीडीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि त्यामुळे आवाज पायऱ्यापायऱ्यांचा होतो, हे चित्र सर्वत्र दाखवले जाते आणि ते चुकीचे आहे. नमुन्यांच्या दरापेक्षा निम्म्याहून कमी वारंवारतेचा कोणताही ध्वनी त्या नमुन्यांतून अखंड वक्राच्या रूपात परत उभा राहतो. नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या गणिताचा हा निष्कर्ष आहे आणि ऑसिलोस्कोपवर तो कोणालाही पाहता येतो. ही मर्यादा सीडीसाठी २२ किलोहर्ट्झच्या थोडी वर येते, तर तरुण निरोगी कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ती मर्यादा खूप खाली येते. सीडीच्या सोळा बिटांतून मिळणारी ९६ डेसिबलची व्याप्तीही घरी पूर्ण वापरता येत नाही, कारण शहरातल्या शांत खोलीतही पार्श्वभूमीचा आवाज तीस-पस्तीस डेसिबलच्या खाली क्वचितच जातो. मुद्रण करताना मी २४ बिटच वापरते, कारण गायक अचानक तारसप्तकात गेला तर वर मोकळी जागा लागते. तयार झालेले मुद्रण ऐकणाऱ्याला त्या जागेची गरज नसते.

प्रयोग काय सांगतात तेही पाहावे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हाय-रेझ तबकड्यांचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवला गेला. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे नाणेफेकीइतकेच. त्यांच्यावर अशी टीका झाली की त्यांतल्या काही तबकड्यांचे मूळ मुद्रणच हाय-रेझ नसावे, आणि ही टीका मला रास्त वाटते. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांतील बारा हजारांहून अधिक प्रयत्नांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि आधी प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते ६० टक्क्यांच्या आसपास गेले. फरक शून्य आहे असे म्हणणाऱ्यांनी हे दुसरे आकडे दडवू नयेत, आणि ‘पडदा बाजूला झाल्यासारखा’ फरक आहे असे म्हणणाऱ्यांनीही ते नीट वाचावेत, कारण पडदा बाजूला झाला असता तर शंभरातले नव्वद बरोबर आले असते.

मेयर आणि मोरान यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली होती: त्या हाय-रेझ तबकड्या बाजारातल्या सीडींपेक्षा अनेकदा खरोखर चांगल्या वाजत होत्या, कारण त्यांचे मास्टरिंग (मुद्रणावरचा शेवटचा संस्कार) अधिक काळजीने झाले होते. पैसे द्यायचे तर ते चांगल्या मास्टरिंगसाठी द्यावेत. रेकॉर्डविषयीचे प्रेमही मला यामुळे समजते; एल्पीसाठी वेगळे आणि लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी दाबलेले मास्टरिंग झालेले असेल, तर ती त्याच गाण्याच्या सीडीपेक्षा कानाला सुखद लागेल. पण म्हणून ‘डिजिटलचा स्पर्श कानाला लगेच कळतो’ हा दावा टिकत नाही. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एल्पी पूर्णपणे अ‍ॅनालॉग म्हणून वर्षानुवर्षे वाखाणल्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता हे २०२२ मध्ये उघड झाले, कंपनीने मान्यही केले. तोवर जाणकारांच्या कानांनी तो पकडला नव्हता.

आता ज्याने आपल्या घरच्या आवाजात खरा बदल होईल त्या विषयाकडे वळते. तंबोरा भरीव वाटला असे आपण लिहिले आहे. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झवर असतात आणि खर्जाची तार ६९.३ हर्ट्झवर. पाच इंची वूफर सामान्यतः साठ-सत्तर हर्ट्झच्या आसपास थकू लागतो, तरीही आपल्याला खर्ज स्वच्छ ऐकू येतो. याचे कारण कानात आहे. मूळ स्वर क्षीण असला किंवा अजिबात नसला, तरी त्याचे १३८.६, २०७.९, २७७.२ असे चढते स्वयंभू स्वर (मूळ स्वराच्या पटीतले) पोहोचले की मेंदू त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून खालचा स्वर उभा करतो. नेदरलँड्समधील शाउटेन यांनी १९४० च्या सुमारास यावर मूलभूत काम केले. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झच्या खालचे काही येत नसे, तरी पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटे, तोही यामुळेच. तंबोरा तर या बाबतीत विशेष समृद्ध आहे: चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले की रुंद, किंचित वक्र घोडी आणि तिच्यावरचा सुताचा दोरा यांमुळे, साध्या तारेत जे स्वयंभू स्वर उमटायला नकोत तेही तंबोऱ्यात उमटतात. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून जवारी काढतो तेव्हा तो याच स्वरांची मांडणी करत असतो. म्हणून तंबोऱ्याचा भरीवपणा मुख्यतः शंभर ते दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यावर ठरतो, आणि तो पट्टा आपले स्पीकर उत्तम वाजवू शकतात. त्यासाठी मोठ्या वूफरची घाई करू नये.

खाली मात्र खोली आडवी येते. बारा फूट लांबीत ध्वनीची अर्धी लाट ४७ हर्ट्झला मावते, दहा फूट रुंदीत ५६ हर्ट्झला आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर उंचीत ५९ हर्ट्झला. लांबी-रुंदी मिळून आणखी एक घुमणारा स्वर ७३ हर्ट्झला येतो, आपल्या खर्जाच्या अगदी शेजारी. हे चार स्वर एवढ्या दाटीने आल्यामुळे खोलीत काही जागी ते दहा-पंधरा डेसिबलने फुगतात आणि काही जागी जवळजवळ नाहीसे होतात. केबलच्या ०.०४ डेसिबलशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. कानांनी तपासायचे असेल तर तबल्याच्या एकल वादनातला बायाचा (डग्ग्याचा) घिस्सा लावावा. तळहाताच्या दाबाने सूर खालून वर सरकतो. तो वाटेत एखाद्या ठिकाणी एकदम फुगत असेल आणि पुढच्याच क्षणी पोकळ होत असेल, तर ती खोली बोलते आहे, वादकाने तसे वाजवलेले नाही. मग खुर्ची एक फूट पुढे, एक फूट मागे करत तोच घिस्सा पुन्हा ऐकावा. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये आणि पाठ भिंतीला टेकवूनही बसू नये; लांबीच्या साधारण एकतृतीयांशाजवळून सुरुवात करून शोधावे. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत.

टाइल्सची फरशी, कोऱ्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत टाळी वाजवली की तडतडता प्रतिध्वनी येतो. त्यावर भरलेली पुस्तकांची कपाटे, जाड पडदे आणि कापसाच्या गाद्या चांगले काम करतात. पातळ फोम भिंतीभर चिकटवू नये. तो फक्त वरचे स्वर शोषतो, घुमणारा खालचा भाग तसाच राहतो आणि जवारीची चमक जाते. हे सगळे करून उरलेल्या पैशांत आपण मोजमापाचा साधा मायक्रोफोन घेतलात तर मला फार आनंद होईल.

केबलचा निर्णय आपण स्वतः घरी करू शकता, आणि तो तसाच करावा अशी माझी विनंती आहे. दुकानदाराकडून केबल परत करण्याच्या बोलीवर आणावी. अ‍ॅम्प्लिफायरवर १०० हर्ट्झचा अखंड सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. हजार हर्ट्झचा सूर घेऊ नये, कारण साधे मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या आसपासच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि वर गेल्यावर चुकतात. एका केबलवर २.०० व्होल्ट आले, तर दुसरीवर १.९८ ते २.०२ च्या आतच यावेत. नंतर आपण खोलीबाहेर जावे, घरातल्या कोणीतरी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून नाणे उडवून केबल जोडावी, टर्मिनल झाकावेत, चिठ्ठीवर नोंद करावी आणि आपण आत येण्यापूर्वी स्वतः दुसरीकडे जावे, कारण चेहऱ्यावरूनही उत्तर कळते. अशा सोळा फेऱ्या दोन-तीन दिवसांत विभागून कराव्यात, कान थकला की थांबावे. नुसत्या अंदाजाने सोळांपैकी बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. आठ-नऊ आले तर जगात कोणालाच फरक ऐकू येत नाही असे सिद्ध होत नाही, हे मित्रालाही सांगावे. आपल्या खोलीत, आपल्या कानांना, या संचावर तो ऐकू आला नाही एवढेच ठरते, आणि आपल्याला पैसे खर्च करायचे आहेत ते याच खोलीत. बारा किंवा अधिक आले, तर केबल लगेच विकत घेऊ नये. आधी आपली सध्याची वायर किती बारीक आहे आणि तिची टोके सैल किंवा काळी पडलेली आहेत का ते पाहावे, अडीच चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर आणून तिची टोके नीट आवळून घ्यावीत, आणि तिची व चाळीस हजारांच्या केबलची हीच सोळा फेऱ्यांची चाचणी पुन्हा घ्यावी.